जाळे, टोपली आणि सभासदवही
नगर जिल्ह्यातील गोड्या पाण्याची मासेमारी आणि स्त्रियांच्या नेतृत्वाचा प्रश्न

सहकाराचा इतिहास लिहिणाऱ्याला नगर जिल्हा टाळून पुढे जाता येत नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ उभा राहिलेला प्रवरेचा साखर कारखाना १९५०च्या अखेरीस सुरू झाला. त्यानंतरच्या पंचाहत्तर वर्षांत ऊस, दूध, पतपुरवठा आणि शिक्षण या क्षेत्रांतील संस्थांवर, त्यांच्या निवडणुकांवर आणि त्यांतून घडलेल्या पुढाऱ्यांवर भरपूर लिहून झाले. याच जिल्ह्यातील सहकाराचे एक दालन मात्र अंधारात राहिले. धरणांच्या जलाशयांवर आणि गावतळ्यांवर मासेमारीचा ठेका घेणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्था, हे ते दालन. कारखान्याच्या चेअरमनपदासारखा तिथे दरारा नाही, निवडणुकीला गाड्यांचे ताफे नाहीत. पण सभासद कोण, मत कुणाला आणि निर्णय कुणाचा, हे सहकाराचे मूळ प्रश्न तिथे फार स्पष्ट दिसतात.

या लेखात त्यातला एकच प्रश्न घेतला आहे. मासळीच्या धंद्यातले निम्म्याहून कमी नसलेले काम ज्या स्त्रिया करतात, त्या या संस्थांच्या कारभारात का दिसत नाहीत? या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर ‘बायका पुढे येत नाहीत’ असे असते. इतिहास आणि कायदा एकत्र वाचले तर वेगळे उत्तर मिळते. संस्थेच्या वहीत मच्छीमार म्हणून कुणाला धरायचे, हे ज्या क्षणी ठरले, त्या क्षणी पुढचे नेतृत्वही ठरून गेले.

जिल्ह्याचे पाणी

नगर जिल्हा अवर्षणाचा म्हणून ओळखला जातो, त्यामुळे इथल्या मासेमारीची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा येत नाही. पण जिल्ह्यात पाणी आहे आणि ते चार ठिकाणी साचले आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदरा धरण आहे. ते १९२६ साली पूर्ण झाले. साधारण अकरा टीएमसीचा हा जलाशय घाटमाथ्याच्या पावसावर भरतो. मध्यभागी राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरजवळ मुळा नदीवरचे सव्वीस टीएमसीचे धरण आहे; त्याच्या जलाशयाला ज्ञानेश्वर सागर म्हणतात. पूर्वेला जायकवाडीचा नाथसागर आहे. धरणाची भिंत पैठणला असली तरी त्याचा फुगवटा शेवगाव आणि नेवासे तालुक्यांत पसरला आहे. दक्षिणेला भीमेच्या काठी, कर्जत तालुक्याच्या कडेला, उजनीचे पाणी येऊन टेकते.

यातले कोणतेही पाणी मासेमारीसाठी अडवलेले नाही. भंडारदरा आणि मुळा शेतीसाठी बांधले गेले. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते आणि उद्घाटन १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले, तेव्हाही भाषा सिंचनाचीच होती. मासेमारी नंतर आली. नदीच्या डोहांवर जगणारे भोई जलाशयाच्या काठाला सरकले. बुडित क्षेत्रातली काही कुटुंबे, ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या होत्या, तीही जाळ्याकडे वळली. एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियर भोई समाजाची ओळख पालखी वाहणारे आणि मासे धरणारे अशी करून देतात. पालखी गेली, मासे राहिले.

इथे एक गैरसमज दूर करून ठेवायला हवा. अकोल्याच्या डोंगरातले महादेव कोळी आणि मुंबईच्या किनाऱ्यावरचे सोनकोळी यांच्या नावात साम्य असले तरी महादेव कोळी हे परंपरेने डोंगरातले शेतकरी आहेत. भंडारदऱ्याच्या परिसरात ओढ्याची, खाचरातली आणि जलाशयातली मासळी त्यांच्या आहाराचा भाग आहे. समुद्रावरच्या कोळीवाड्यासारखी बाजारावर उभी असलेली व्यवस्था मात्र तिथे नव्हती. हा फरक पुढे कामाला येईल.

हाताला लागलेले काम आणि वहीत लिहिलेले काम

जलाशयातली मासेमारी बाहेरून साधी दिसते. संस्था मत्स्यव्यवसाय विभागाकडून तलावाचा ठेका घेते, ठेक्याची रक्कम भरते, पावसाळ्यात कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली पाण्यात सोडते. मासे वाढले की सभासद जाळी लावतात. त्याशिवाय मरळ, वाम, शिंगाडा, चिलापी आणि गोड्या पाण्यातली कोळंबी जाळ्यात येते. थर्माकोलचा तराफा, पत्र्याची किंवा लाकडाची होडी, हवा भरलेली ट्यूब, यांतले जे परवडेल त्यावर माणूस पाण्यात जातो. संध्याकाळी जाळे सोडायचे, पहाटे काढायचे.

या वर्णनात अर्धेच काम आले. जाळ्यातून मासा न फाटता सोडवणे, जाळे धुणे, सांधणे, मासळीची प्रतवारी करणे, बर्फ लावणे, उरलेली मासळी मीठ लावून वाळवणे आणि आठवडी बाजारात बसून ती विकणे, हे सगळे बाकी राहिले. त्यातले बहुतेक बायकांकडे असते. अनेक जलाशयांवर नवरा-बायको एकाच होडीत जातात. एकजण वल्हवतो, दुसरा जाळे सोडतो. तरीही रूढ समजुतीत मासे धरतो तो पुरुष, आणि बाई त्याला हातभार लावते.

‘हातभार’ हा शब्द निरुपद्रवी वाटतो. कारभारात तो महाग पडतो. पकड किती झाली याची नोंद धक्क्यावर होते. ती ज्याच्या नावे होते तो सभासद. टोपली बाजारात गेल्यावर त्या मासळीचे काय झाले, किती नासली, कोणत्या भावाने गेली, उधारी किती राहिली, याची नोंद संस्थेच्या कोणत्याही वहीत नसते. ती बाईच्या डोक्यात असते. भाव पडला, बर्फ महागला, बाजारात बसायची जागा गेली, हे प्रश्न संस्थेच्या सभेत विषयपत्रिकेवर येत नाहीत, कारण ज्यांना ते ठाऊक आहेत त्या सभेला नसतात. म्हणजे संस्थेचा कारभार अर्ध्या माहितीवर चालतो. स्त्रियांवरचा अन्याय हा या गोष्टीचा एक भाग झाला. संस्थेचे स्वतःचे नुकसान हा दुसरा.

दहा माणसे, दहा कुटुंबे

भारतात सहकारी कायदा १९०४ साली आला आणि आजच्या महाराष्ट्रातील कार्ला येथे १९१३ साली स्थापन झालेली मच्छीमार संस्था ही देशातली पहिली मच्छीमार सहकारी संस्था मानली जाते. म्हणजे मच्छीमारांचा सहकार साखरेच्या सहकारापेक्षा जवळपास चार दशकांनी वडीलधारा आहे. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू झाला आणि धरणे भरू लागली तसतशी जलाशयांवरही त्या कायद्याखाली संस्था नोंदल्या गेल्या.

या कायद्याच्या कलम ६ मध्ये नोंदणीची अट आहे. किमान दहा व्यक्ती हव्यात आणि त्या प्रत्येकी वेगळ्या कुटुंबातल्या हव्यात. अटीमागचा हेतू चांगला होता. एकाच घरातल्या दहा जणांनी मिळून संस्था काढावी आणि सवलती लाटाव्यात, हे कायदेमंडळाला नको होते. पण अट प्रत्यक्षात उतरली तेव्हा प्रत्येक कुटुंबाने एक नाव द्यायचे होते, आणि ते घरातल्या कर्त्या पुरुषाचे दिले गेले. नोंदणीनंतर त्याच घरातल्या स्त्रीला सभासद करून घेण्यास हे कलम आड येत नाही. तरी ‘एका घराचा एक सभासद’ ही सवय पडली ती पडली. जलाशयात मासे मोजके, सभासद वाढले की वाटा घटतो, ही भीतीही सवयीच्या पाठीशी उभी राहिली.

कायद्यात स्त्रीला येण्याच्या आणखी दोन वाटा आहेत. पहिली सहयोगी सभासदाची. भाग दोघांच्या नावे घेता येतो. भाग दाखल्यावर ज्याचे नाव पहिले नाही तो सहयोगी सभासद. पहिल्या नावाचा माणूस हजर असला की मत त्याचे. दुसरी वाट वारसाची. सभासद वारला की कलम ३० प्रमाणे त्याचा भाग नामनिर्देशित व्यक्तीकडे किंवा वारसाकडे जातो. नवरा असेतो दुसरे नाव, नवरा गेल्यावर पहिले नाव. जिच्या हातून रोज मासळी जाते तिच्या स्वतःच्या कामाला या दोन्ही वाटांवर मोल नाही.

राखीव जागांचे काय, असा प्रश्न इथे येईल. २०११ची ९७वी घटनादुरुस्ती २०१२ साली अमलात आली. तिने सहकारी संस्थांच्या संचालक मंडळावर स्त्रियांसाठी दोन जागा ठेवण्यास सांगितले आणि महाराष्ट्राने २०१३ साली आपल्या कायद्यात तशी सुधारणा केली. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली या घटनादुरुस्तीतला राज्यांतर्गत संस्थांना लागू होणारा भाग रद्द ठरवला. पण राज्याचा कायदा राज्याचाच होता, तो राहिला. मात्र घटनादुरुस्तीच्या त्या वाक्यात एक छोटीशी पुस्ती आहे. ज्या संस्थेत त्या वर्गातले सभासद असतील, त्या संस्थेत ही राखीव जागा. स्त्री सभासदच नसतील तर जागा भरायची कुठून? ग्रामपंचायतीत असे होत नाही. मतदारयादीत स्त्री आधीपासून असते, म्हणून १९९३ नंतर एक तृतीयांश आणि पुढे महाराष्ट्रात निम्म्या जागा राखीव झाल्या तेव्हा त्या भरता आल्या. सहकारी संस्थेत आरक्षण वरच्या मजल्यावर आले आणि जिन्याची पहिलीच पायरी गाळलेली राहिली.

शेतीशी तुलना केली तर गोष्ट आणखी उलगडते. शेतकरी संघटनेचे १९८६ सालचे चांदवडचे महिला अधिवेशन आणि त्यानंतर शरद जोशी यांनी चालवलेली ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम आठवावी. नवऱ्याने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा, असे त्या मोहिमेचे साधे सांगणे होते. ते शक्य होते, कारण सातबारा नावाचा कागद होता. जलाशयाचा सातबारा मच्छीमाराच्या नावे कधीच नसतो. पाणी सरकारचे, ठेका संस्थेचा, आणि माणसाचा हक्क म्हणजे त्याचे सभासदत्व. शेतीत जे स्थान सातबाऱ्याचे, ते पाण्यात सभासदवहीचे. त्यामुळे मच्छीमार स्त्रीच्या बाबतीत सभासदत्वाचा प्रश्न हाच मालमत्तेचाही प्रश्न आहे.

किनाऱ्यावर काय घडले

स्त्रियांचे नेतृत्व मासळीच्या धंद्यात उभेच राहू शकत नाही, असे म्हणणाऱ्याला मुंबईची कोळीण दाखवता येते. विजया पुणेकर यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या मुंबईच्या सोनकोळ्यांवरील अभ्यासापासून आजपर्यंत एक निरीक्षण वारंवार नोंदले गेले आहे. पुरुष समुद्रावर जातो आणि मासळी किनाऱ्याला लागली की व्यवहार बाईच्या हाती येतो. भाव ती ठरवते, पैसा ती सांभाळते. बाजारातली बसायची जागा आणि तिचा परवाना अनेकदा तिच्या नावे असतो आणि तो आईकडून लेकीकडे किंवा सुनेकडे जातो. २०२१ साली महात्मा फुले मंडईजवळच्या छत्रपती शिवाजी मंडईतला घाऊक मासळी बाजार ऐरोलीला हलवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या कोळिणी हटल्या नाहीत. त्यांच्या धीटपणाचे कौतुक सगळ्यांनी केले. त्या धीटपणाखालचा परवान्याचा कागद मात्र कुणाच्या फारसा लक्षात आला नाही. नाव कागदावर असले की भांडायला पाय रोवता येतात.

संघटनेच्या पातळीवरही हेच दिसते. १९७८ साली देशभरातील मच्छीमार संघटनांचा मंच उभा राहिला. गोव्याच्या रापणकारांचे नेते मतान्ही साल्ढाणा त्याचे पहिले अध्यक्ष होते. या मंचाचे नाव सुरुवातीला ‘नॅशनल फिशरमेन्स फोरम’ होते, पुढे ते ‘नॅशनल फिशवर्कर्स फोरम’ झाले. एका शब्दाचा बदल. पण मासे धरणारा पुरुष या व्याख्येच्या जागी मासळीच्या कामात असलेला प्रत्येकजण ही व्याख्या आली आणि मासळी विकणाऱ्या, वाळवणाऱ्या बायका संघटनेच्या सदस्य ठरल्या. केरळमध्ये १९८०च्या सुमारास तिरुवनंतपुरमच्या मासळीवाल्या बायकांना टोपली घेऊन बसमध्ये चढू देत नसत. त्यांनी लढून स्वतःसाठी बस मिळवली. पुरुषांच्या संघटनेच्या मागणीपत्रात हा विषय आला नसता, कारण पुरुष टोपली घेऊन बसने जात नव्हता. पुढे १९९४-९५मध्ये परदेशी ट्रॉलरविरुद्धचे देशव्यापी आंदोलन झाले, मुरारी समिती नेमली गेली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरूनही या मंचाला पूर्णिमा मेहेर यांच्यासारख्या नेत्या मिळाल्या.

जागतिक पातळीवर हीच व्याख्या २०१४ साली मान्य झाली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने लहान मासेमारीसाठी स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत मासे धरण्याआधीचे, धरण्याचे आणि धरल्यानंतरचे असे तिन्ही टप्पे मासेमारीतच धरले आहेत. ती तत्त्वे घडवण्यात मोठा वाटा असलेल्या चंद्रिका शर्मा त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बेपत्ता झालेल्या मलेशियाच्या विमानात होत्या. ती तत्त्वे त्यांच्या स्मृतीला अर्पण केलेली आहेत. आफ्रिकेत मासळी वाळवणाऱ्या आणि विकणाऱ्या स्त्रियांनी देशोदेशीच्या गटांचे खंडभर पसरलेले जाळे उभे केले, त्यामागेही धरल्यानंतरचे काम हेच मासेमारीचे काम, हा आग्रह होता.

झाडीपट्टीची वाट

किनाऱ्याचे उदाहरण नगरला जसेच्या तसे लागू होत नाही. मुंबईला मोठा बाजार आहे, कोळीवाडा आहे, स्त्रीच्या हाती पैसा असण्याची जुनी रीत आहे. गोड्या पाण्याचे उदाहरण हवे तर विदर्भात जावे लागते.

गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या कौशल्याने बांधलेले तलाव आहेत. मालगुजारी गेली तेव्हा ते सरकारजमा झाले आणि दुर्लक्षाने गाळाने भरले, बेशरमच्या झुडपांनी वेढले गेले. तलावावर जगणारा समाज ढिवरांचा. गेल्या दोन दशकांत अर्जुनी मोरगावच्या परिसरात ‘फीड’ या संस्थेच्या साथीने आणि मनीष राजनकर यांच्यासारख्या अभ्यासकांच्या सोबतीने तलाव सावरण्याचे काम झाले. तलावातल्या कोणत्या पाणवनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, याचे जाणत्या ढिवरांजवळचे ज्ञान नोंदले गेले. बेशरम उपटली गेली, देशी वनस्पती पुन्हा लावल्या गेल्या, स्थानिक मासे परतू लागले. या कामात ढिवर स्त्रिया पुढे होत्या.

त्या कारभारात शिरल्या कशा, हे पाहण्याजोगे आहे. बचत गट, रोजगार हमी आणि ग्रामसभा ही त्यांची वाट होती. या तिन्ही ठिकाणी स्त्री स्वतःच्या नावाने उभी असते. बचत गटात तिचे स्वतंत्र पासबुक असते. रोजगार हमीत तिची हजेरी आणि मजुरी तिच्या नावे लागते. ग्रामसभेत ती मतदार म्हणून बसते. महाराष्ट्रात तर नियमित ग्रामसभेआधी स्त्रियांची वेगळी सभा घेण्याचा नियम आहे. तलावातला गाळ काढणे, झुडपे उपटणे, रोपे लावणे ही कामे ग्रामसभेने ठरवायची आणि रोजगार हमीतून करायची म्हटल्यावर तलावाच्या चर्चेत स्त्री हक्काने आली. काम तिच्या नावे लागले की तलावाच्या भविष्यावर बोलण्याचा अधिकारही तिच्याकडे येतो. सहकारी संस्थेचे दार जड होते, म्हणून आधी ग्रामसभेचे दार उघडले गेले.

नगरमध्ये शक्य काय आहे

आता पुन्हा नगरकडे वळू. इथे दोन प्रकारच्या संस्था शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि एकमेकींना जवळपास अनोळखी आहेत.

एका बाजूला बचत गटांची रचना आहे. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि पुढे ‘उमेद’ अभियान यांच्यामुळे गावोगाव गट झाले. गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ अशी तीन पायऱ्यांची बांधणी आहे. ठरलेल्या दिवशी बैठक, त्याच बैठकीत वसुली आणि कर्जवाटप, वही सर्वांसमोर लिहिणे, पदाधिकारी ठरावीक मुदतीने बदलणे, अशी शिस्त स्त्रियांनी अंगवळणी पाडून घेतली. तीन पायऱ्यांवर प्रतिनिधी पाठवण्याचा आणि त्यांना जाब विचारण्याचा सराव त्यांना आहे.

दुसऱ्या बाजूला मच्छीमार संस्था आहे. तिच्याकडे पाणी आहे, ठेका आहे, सरकारी योजनांशी नाते आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत स्त्री लाभार्थीला साठ टक्क्यांपर्यंत आणि सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला चाळीस टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. या फरकामुळे घरातल्या स्त्रीच्या नावे अर्ज करण्याचा मोह स्वाभाविक आहे. नाव तिचे, पिंजरा किंवा गाडी दुसऱ्याची, असे झाले तर योजनेच्या कागदावर स्त्री मच्छीमार वाढतील आणि सभेत एकही वाढणार नाही.

थोडक्यात, कारभाराची शिस्त एका संस्थेत आणि पाण्यावरचा हक्क दुसऱ्या संस्थेत अशी वाटणी झाली आहे. मासळी विकणाऱ्या स्त्रियांचे जिल्हाव्यापी जाळे बांधायचे तर या दोहोंमध्ये पूल बांधावा लागेल. त्याला नवा कायदा लागत नाही. मच्छीमार संस्थेने आपल्या उपविधीत मासळी सोडवणे, सुकवणे आणि विकणे हे मासेमारीचेच काम आहे असे लिहून घेतले आणि ते करणाऱ्या स्त्रीला स्वतंत्र भाग दिला, तर राखीव दोन जागांना आपोआप अर्थ येईल.

अकोल्यात आणखी एक वाट आहे. तालुक्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६चा पेसा कायदा आणि त्याचे महाराष्ट्रातले २०१४चे नियम यांनी लहान जलसाठ्यांच्या नियोजनात ग्रामसभेला स्थान दिले आहे. २००६चा वनहक्क कायदा तर सामूहिक हक्कांमध्ये पाणवठ्यातल्या मासळीचा नाव घेऊन उल्लेख करतो, विवाहितांचा वैयक्तिक हक्क पतिपत्नी दोघांच्या नावे द्यायला सांगतो आणि वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात अशी अट घालतो. भंडारद्याचा मोठा जलाशय या चौकटीत मावणार नाही. पण आजूबाजूचे बंधारे आणि तळी मावू शकतात. ज्या डोंगरात मासेमारीची बाजारी व्यवस्था जुनी नाही, तिथे जुन्या सभासदवहीचे ओझेही नाही. तिथे सुरुवातीलाच दोन्ही नावे लिहिता येतील.

हे आत्ताच का महत्त्वाचे, त्याचेही कारण आहे. एप्रिल २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. कर्ज, विमा, वीजदर यांसारख्या सवलती त्यामागून येतात. त्याआधी २०२४ साली केंद्राने मत्स्यव्यवसायातील सर्वांची डिजिटल नोंदणी सुरू केली आणि तीत मासळी विकणाऱ्यालाही स्वतंत्र नोंदणी करता येते. शेतीत सवलतींची यादी सातबाऱ्यावरून बनली आणि शेतात राबणाऱ्या, पण नावे जमीन नसलेल्या लाखो स्त्रिया शेतकरी ठरल्याच नाहीत. मासेमारीची यादी आज बनते आहे. एकदा ती पक्की झाली की तिच्यात नाव घालण्यासाठी पुढची पिढी खर्ची पडेल.

पाण्याच्या राजकारणातही हीच गोष्ट आहे. समन्यायी वाटपासाठी भंडारदरा, निळवंडे आणि मुळेतून जायकवाडीला पाणी सोडण्याचा वाद दुष्काळी वर्षांत पेटतो, तेव्हा वरचे शेतकरी बोलतात, खालचे शेतकरी बोलतात, कारखाने आणि शहरे बोलतात. जलाशयाची पातळी घटल्यावर सोडलेल्या बोटुकलीचे काय झाले, हे कुणी विचारत नाही. पाणीवापर संस्थेचे सभासदत्व जमिनीला बांधलेले असल्याने मच्छीमाराला तिथे जागा नाही, आणि त्याच्या घरच्या बाईला मच्छीमाराच्या संस्थेतही नाही. दोन दारांबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा आवाज आत पोचत नाही.

वारसा आणि सभासदत्व

या जिल्ह्याला स्त्रीने राज्य करणे नवीन नाही. चांदबीबीने १५९५-९६मध्ये नगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवला. जामखेड तालुक्यातल्या चोंडीला १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचे नाव आज जिल्ह्याला दिलेले आहे, आणि त्यांनी बांधलेले घाट, बारवा आणि विहिरी देशभर आहेत. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल दुमत नाही. पण त्या सत्तेपर्यंत कशा पोचल्या, हेही पाहायला हवे. १७५४ साली पती खंडेराव गेले, १७६६ साली सासरे मल्हारराव, १७६७ साली मुलगा मालेराव. घरातले पुरुष संपले तेव्हा कारभार त्यांच्या हाती आला. अठराव्या शतकात स्त्रीला तेवढीच वाट होती.

सहकाराने वेगळे वचन दिले होते. इथे सत्ता वारशाने येत नाही, भागाने येते. एक माणूस, एक मत. तरीही मच्छीमार संस्थेत स्त्रीला येण्याची सर्वांत सोपी वाट आजही कलम ३०ची, म्हणजे नवऱ्याच्या मृत्यूनंतरची असेल, तर सहकार अजून अठराव्या शतकाच्याच वाटेवर आहे असे म्हणावे लागेल.

प्रत्येक सहकारी संस्थेत ‘आय’ नमुन्यातली सभासद नोंदवही आणि ‘जे’ नमुन्यातली सभासद यादी असते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि उपविधी बदलायचे तर ते सर्वसाधारण सभेतच बदलतात. जिल्ह्यातल्या जलाशयांवरच्या संस्थांचे पुढचे पन्नास वर्षांचे नेतृत्व कोणत्याही शिबिरात किंवा मेळाव्यात ठरणार नाही. ते ‘जे’ यादीत ठरेल. जाळे टाकणाऱ्याचे नाव तिच्यात आहेच. टोपली उचलणारीचे नाव त्याच्या खाली, स्वतंत्र क्रमांकाने, स्वतःच्या भागासह लिहिण्याइतकी जागा त्या पानावर नेहमीच होती.